ओढीचं वजन

दुकानात शिरल्याशिरल्या मी विचारलं, "यातलं सगळ्यात वेगवान कुठलं?" काउंटरमागच्या बाईंनी त्याला उत्तरच दिलं नाही. मला भिंतीला पाठ टेकवून उभं केलं, दोन्ही हात पसरायला लावले आणि शिंप्यासारखी टेप धरली. या मधल्या बोटाच्या टोकापासून त्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत ६७ इंच. भागिले अडीच. २६.८. "तुमची ड्रॉ लेंथ सत्तावीस," त्या म्हणाल्या. "हं, आता बोला."

म्हणजे दोरी ओढल्यावर कुठे येऊन थांबायची, हे माझ्या हाडांनी आधीच ठरवून ठेवलेलं. साधं लाकडी धनुष्य जमेल तेवढं ओढा, ते काही म्हणत नाही. पुल्या-केबलवाल्या कंपाउंड धनुष्याला मात्र शेवट असतो. तिथे भिंत लागल्यासारखी दोरी अडते, आणि ती भिंत जबड्याच्या कोपऱ्याशी यायला हवी, कानामागे नाही. अर्धा-पाऊण इंच जास्त घेतलं की मान मागे जाते, खांदा वर चढतो आणि माणूस वर्षभर स्वतःच्या नजरेला दोष देत राहतो. बुटाच्या दुकानात आपण आधी नंबर सांगतो, मग रंग बघतो. धनुष्याच्या दुकानात ही अक्कल कुठे जाते कोण जाणे.

०००

हे दुकान मिशिगनमधलं, डेट्रॉईटच्या पश्चिमेला पाऊण तासावर. तिथे मी पोचलो त्याला दोन माणसं कारण.

एक, साताऱ्यातली भाची. ती कंपाउंड मारते. आमच्या वेळी साताऱ्यात धनुष्य म्हणजे बांबूची कांब आणि बाण म्हणजे खराट्याचा हीर. ही पोरगी मात्र व्हिडिओ कॉलवर पुली, केबल आणि भिंगं लावलेलं असं काही दाखवते की ते बालवाडीतल्या धनुष्याचं कोणी लागत असेल असं वाटत नाही.

दोन, शेजारी. निवृत्त टूल अँड डाय मेकर, वय ७१. एक ऑक्टोबरला इथे धनुष्याने हरीण मारायचा हंगाम उघडतो, आणि त्या दिवसापासून १४ नोव्हेंबरपर्यंत ते दुसऱ्या कशाबद्दल बोलत नाहीत. १५ नोव्हेंबरला बंदुकवाले जंगलात शिरतात, तेव्हा हे तोंड पाडून घरी बसतात.

मी ठरवलं, दोन्हींना पुरेल असं एकच धनुष्य घ्यायचं. भाचीशी बोलायला निशाणा, शेजाऱ्यांबरोबर जायला शिकार. टू-इन-वनचा मोह मराठी मध्यमवर्गाला सोफा-कम-बेडपासून आहे. तो सोफा बसायला अवघडच असतो आणि झोपायलाही.

०००

मी सव्वीस वर्षं इंजिनाच्या कॅमशाफ्टवर पोट भरतोय. त्यामुळे धनुष्याच्या दोन्ही टोकांना कॅम बसवलेले पाहिले तेव्हा परक्या गावात घरचं माणूस भेटावं तसं झालं.

इंजिनात कॅमचा फुगवटा व्हॉल्व्ह कधी आणि किती उघडायचा ते ठरवतो. इथे तो ओढ किती जड लागायची ते ठरवतो. दोरी एका खोबणीतून उलगडते, त्याच वेळी केबल शेजारच्या खोबणीत गुंडाळली जाते आणि वरची-खालची लिंबं आत वाकतात. (लिंब म्हणजे धनुष्याचं पातं, इंग्रजीतून आलेलं. भाची सहज म्हणते, मला दर वेळी लोणचं आठवतं.) सुरुवातीला केबलच्या खोबणीची त्रिज्या मोठी, दोरीच्या खोबणीची लहान. म्हणून जड. कॅम फिरत जातो तसं हे प्रमाण उलटतं, आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत हातावरचं वजन एकदम ओसरतं. याला लेट-ऑफ म्हणतात. ६० पौंडांचं धनुष्य आणि ८० टक्के लेट-ऑफ असेल, तर पूर्ण ओढल्यावर बोटांवर उरतात १२ पौंड. सत्तावीस किलोचं पोतं उचललं आणि वर पोचेपर्यंत हातात साडेपाच किलोची पिशवी राहिली, असं. पोतं कुठे गेलेलं नसतं. ते लिंबांत दबा धरून असतं.

हे सुचलं मिसुरीतल्या होलेस विल्बर ॲलनला. त्याने रिकर्व्ह, म्हणजे बिनचाकाच्या, टोकं पुढे वळलेल्या धनुष्याची ती टोकं कापून तिथे चाकं बसवली, आणि चाकाचा आस मध्यावर न ठेवता एका बाजूला सरकवला. १९६६ साली अर्ज केला, १९६९ च्या डिसेंबरात पेटंट मिळालं. कॅम, तरफ, कप्पी, यांतलं एकही नवीन नव्हतं. धनुष्यही हजारो वर्षांचं. दोन्ही एकमेकांच्या शेजारी इतकी शतकं पडून होती आणि आमच्या धंद्यातल्या एकालाही ती जोडावीशी वाटली नाहीत, याचा मला थोडा रागच आहे.

या सगळ्या खटाटोपातून पदरात पडतं काय? वेग पडतो, ताकद पडते. पण माझ्या मते खरा लाभ थांबण्याचा. रिकर्व्हवाल्याला ओढल्यावर सगळं वजन पाठीवर पेलत काही सेकंदांत सोडावं लागतं. कंपाउंडवाला ओढून उभा राहू शकतो. विचार करू शकतो. (हा लाभच आहे का, ते पुढे.)

०००

ड्रॉ वेटला मराठीत काय म्हणावं म्हणून घोळत होतो. 'ओढीचं वजन' लिहिलं आणि वहीकडे बघत बसलो. सव्वीस वर्षं परदेशात काढलेल्या माणसाने हा शब्दप्रयोग जपून वापरावा.

०००

कॅटलॉगातला वेग. धनुष्यावर लिहिलेलं असतं, सेकंदाला ३३० फूट. हा आकडा काढतात तो ७० पौंड वजन, ३० इंच ओढ आणि ३५० ग्रेनचा हलका बाण घेऊन. ३० इंच ओढीचा माणूस म्हणजे साधारण सहा फूट तीन इंच उंच. मी पाच फूट सात. माझ्या मापाने, ६० पौंडांवर, ३८० ग्रेनचा बाण लावून दुकानातल्या यंत्रावर आकडा आला २६८. गाडीच्या मायलेजसारखंच हे. कंपनीचं मायलेज ज्या रस्त्यावर मिळतं, तो रस्ता कंपनीच्याच आवारात असतो.

बाई म्हणाल्या, हरणाला २६८ चा बाण लागला काय आणि ३०० चा लागला काय, त्याला फरक कळत नाही. नीट लागला की नाही एवढंच कळतं.

०००

तरीही मी जे घेतलं ते असं: दोन कॅमच्या आसांमधलं अंतर ३० इंच, ब्रेस हाइट सहा इंच, लिंबं ६० ते ७० पौंडांची. शिकारीचं, आखूड, चपळ. बाई दोनदा म्हणाल्या की ५० ते ६० ची लिंबं घ्या. मी ऐकलं नाही. लिंबांच्या मुळाशी बोल्ट असतात, ते सैल केले की वजन उतरतं, पण सहसा दहाएक पौंडच. ६०-७० च्या लिंबांवर ५० ला उतरता येत नाही, ही गोष्ट मला गणितात कळत होती, खांद्याला कळली नव्हती.

आखूड धनुष्य झाडावरच्या मचाणात सोयीचं. फांदीला अडत नाही. पण आखूड असेल तितकं ते हातात चुळबुळतं. मनगट जरासं वळलं की तेही वळतं. निशाण्याची धनुष्यं ३६ ते ४० इंचांची, पुढे हातभर लांब स्टॅबिलायझर, जड. जडपणाच तिथे कामाला येतो, कारण जड वस्तूला थरथरायचा आळस असतो. ब्रेस हाइट म्हणजे न ओढलेल्या दोरीपासून पकडीपर्यंतचं अंतर. ते कमी असलं की सोडल्यावर दोरी बाणाला जास्त वेळ ढकलत राहते. वेग वाढतो, पण तेवढाच जास्त वेळ बाण तुमच्या हाताच्या तावडीत असतो, आणि हाताची प्रत्येक चूक त्याच्यात उतरते. सहा इंचांच्या धनुष्याने माझी एकही चूक पोटात घातली नाही.

०००

भाचीचा फोन.

"मामा, किती पौंड?"

"साठ."

"अहो साठ कशाला? स्पर्धेत साठच्या वर चालतच नाही. मी पन्नासवर मारते."

"शिकारीला..."

"खुर्चीत बसा. पाय जमिनीवरून उचला. आता सरळ समोर धरून ओढा, वर आकाशाकडे करून नाही. ओढलं जातंय?"

नाही ओढलं गेलं.

"मग ते धनुष्य तुमचं नाही, मामा."

पंचवीस वर्षं सर्व्हिस झालेल्या कोचसारखी बोलते. वय १९.

०००

बाणांचे नंबर. ३४०, ४००, ५००. मला वाटलं मोठा नंबर म्हणजे मजबूत. उलट. २८ इंचांच्या अंतरावर दोन टेकूंवर बाण आडवा ठेवायचा, मध्यभागी ८८० ग्रॅमचं वजन टांगायचं आणि किती वाकतो ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचं. अर्धा इंच वाकला तर ५००. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला सिम्पली सपोर्टेड बीम म्हणून जे डोक्यावरून गेलं होतं, ते पन्नाशीत अशा रीतीने अंगावर आलं.

दोरी सुटते तेव्हा बाण सरळ जात नाही. आधी वाकतो, मग सापासारखा सळसळत सावरतो. धनुष्याच्या वजनाला फार लवचीक बाण लावला तर तो सावरतच नाही. फार हलका लावला तर त्याहून वाईट. धनुष्याच्या प्रत्येक पौंडामागे निदान पाच ग्रेनचा बाण, हा इथला पाढा. त्याखाली गेलात तर ताकद बाणात न जाता धनुष्यातच परत येते. पुढे गणपतीत हे प्रात्यक्षिकासह पाहिलं.

०००

दोरी बोटांनी नाही ओढायची. दोरीला मागे छोटा फास असतो, त्यात रिलीज नावाची कळ अडकवायची. मनगटाला पट्टा आणि तर्जनीखाली घोडा, हा शिकाऱ्यांचा प्रकार. हातात धरायची, अंगठ्याने किंवा नुसत्या पाठीच्या ताणाने सुटणारी, हा निशाणेबाजांचा. मी पहिला घेतला आणि दोन महिन्यांत रोग जडला. नेम धरायच्या पिनचा ठिपका सोनेरी वर्तुळात शिरला की बोट आपोआप घोडा दाबायचं. पुढे पुढे ठिपका वर्तुळात शिरायच्या आधीच. मग तर हात वर्तुळाच्या खालीच गोठायचा, वर जाईना. याला टार्गेट पॅनिक म्हणतात, आणि भल्याभल्यांना होतो. इलाज गमतीदार: निशाणाच काढून टाकायचा. पेंढ्याच्या कोऱ्या ठोकळ्यासमोर दोन ढांगांवर उभं राहायचं, डोळे मिटायचे, ओढायचं आणि बाण कधी सुटेल ते आपल्यालाच कळू द्यायचं नाही. मी तीन आठवडे गॅरेजमध्ये डोळे मिटून बाण मारत होतो. हिने शेजारणीला सांगितलं, ध्यान करतात म्हणून.

आणि चष्मा. दोरीतल्या पीपच्या भोकातून पिन बघायची, पिनमधून निशाणा. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना या तिन्हींपैकी एकच स्पष्ट दिसतं. अर्जुनाचं वय लक्षात घ्यायला हवं.

०००

गणपतीत घरी पंधरा-वीस माणसं होती. आरती झाली, मोदक झाले, पुरुषमंडळी गॅरेजमध्ये आली. ओळखीतल्या एकाने भिंतीवरचं धनुष्य उतरवलं. "एकदा ओढून बघू का?" मी हो म्हणालो. चूक माझी. त्याच्या मनगटाला पट्टा मीच बांधला, कौतुकाने. पट्टा गच्च, तब्येत चांगली, दोरी मागे आली, आणि त्याचं बोट घोड्यावर टेकलं.

बाण नव्हता.

बंदुकीसारखा आवाज. क्षणभर कोणाला काही कळेना. दोरी कॅमवरून उतरून केबलमध्ये गुंतलेली, खालचा कॅम वाकडा, वरच्या लिंबाला उभी चीर आणि तिच्यातून काचतंतूंची कुसळं बाहेर. गृहस्थाच्या कोपराखाली लाल वळ उठला, बाकी काही नाही. नशीब. सत्तावीस किलोचं पोतं बाणावर बसून जायचं, ते बाणच नाही म्हटल्यावर घरातच फुटलं. आतून हिचा आवाज आला, "काय पडलं?" कोणी तरी म्हणालं, "काही नाही वहिनी, फटाका."

वॉरंटीत हे बसत नाही. दुरुस्तीचा आकडा नव्या धनुष्याच्या अर्ध्याहून जास्त. गृहस्थ भरून देतो म्हणाले, मी नको म्हणालो, त्यांनी पुन्हा म्हटलं नाही.

०००

भाचीच्या खोलीत दोन फोटो आहेत. २०२३ च्या ५ ऑगस्टचे, बर्लिनच्या जागतिक स्पर्धेचे. साताऱ्याची अदिती स्वामी, वय १७, अंतिम फेरीत मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला १४९-१४७ ने हरवून जगज्जेती. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे, १५ बाणांत १५० पैकी १५०. समोरच्या पोलंडच्या खेळाडूने १४९ केले आणि हरला. दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंतांकडे घडलेले.

अंतर ५० मीटर. दहा गुणांचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं. आमटीच्या वाटीचं तोंड याहून मोठं असतं. पंधरा वेळा, वाऱ्यात, हजारो माणसांसमोर, त्या तोंडात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड पहिल्यांदा येतंय, तेही फक्त मिश्र जोडीचं. भाचीने तारखा मोजायला सुरुवात केली आहे. मी तिला काही म्हणत नाही.

०००

शेजाऱ्यांच्या तळघरात त्यांच्या वडिलांचं रिकर्व्ह टांगलेलं आहे, फ्रेड बेअरच्या ग्रेलिंगच्या कारखान्यातलं. ग्रेलिंग इथून उत्तरेला, मिशिगनमध्येच. इथल्या धनुष्याच्या शिकारीत बेअरच्या आधी सॅक्स्टन पोप. तो सॅन फ्रान्सिस्कोतला डॉक्टर. आणि पोपला धनुष्य शिकवलं ते इशीने. इशी १९११ साली ओरोव्हिल गावाशी एकटाच, उपाशी, बाहेर आला. त्याच्या 'याही' जमातीची वसाहतवाल्यांनी कत्तल केली होती. १९१६ मध्ये तो क्षयाने गेला. १९२३ मध्ये पोपचं धनुष्याच्या शिकारीवरचं पुस्तक आलं आणि इथल्या हौशी धनुर्धरांनी ते डोक्यावर घेतलं.

दुकानातल्या चकचकीत भिंतीवर याची खूण कुठेच नाही. एका रांगेत चाळीस धनुष्यं, आणि रांगेच्या टोकाला तो एकटा माणूस.

०००

३० पौंड किंवा त्याहून जड धनुष्यावर इथे ११ टक्के केंद्रीय कर असतो. किमतीत मुरलेला, म्हणून दिसत नाही. १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा मुळात बंदुका-काडतुसांसाठी होता, १९७२ मध्ये धनुष्य-बाण त्यात आले. पैसा जातो राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे. म्हणजे साताऱ्याच्या भाचीसाठी इथून नुसतं निशाण्याचं धनुष्य घेतलं तरी एखाद्या दलदलीतल्या बदकांना माझा हातभार.

१९७२ हेच साल आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं. आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर तर हौशी शिकार आपल्याकडे संपलीच. एकाच वर्षी एका देशाने शिकाऱ्याकडून पैसे घ्यायचं पक्कं केलं, दुसऱ्याने त्याला दार दाखवायला सुरुवात केली. मला दोन्ही पटतं, आणि ही माझी अडचण आहे. सातारच्या कोणा वाचकाने मात्र रानडुकराचा विचार करून कंपाउंड घेऊ नये. तुरुंगात लेट-ऑफ नसतो.

०००

ऑक्टोबरचा शेवट. माझं धनुष्य मोडलेलं, पण सेफ्टीचा कोर्स जुलैतच केला होता. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्याला तो इथे सक्तीचा. शेजारी म्हणाले, नुसते बसायला चला.

पहाटे साडेसहाला ओकच्या झाडाला लावलेल्या शिडीवर, जमिनीपासून पंधरा फूट, दोघांचं बाक. आधी अंगाला पट्ट्यांचा हार्नेस, तो झाडाला बांधायचा, मग चढायचं. धनुष्य हातात घेऊन चढत नाहीत, दोरीने मागाहून वर खेचतात. विहिरीतून कळशी काढावी तसं. सूर्य आठनंतर. त्याआधी अर्ध्या तासापासून बाण मारायची परवानगी. तोपर्यंत अंधारात पानं पडल्याचा आवाज, आणि प्रत्येक आवाज हरणाचा वाटतो. खारीचा सगळ्यात जास्त.

पावणेनऊला मादी आली. आवाज नाहीच, एकदम होतीच तिथे. तिचं डोकं खोडामागे गेलं तेवढ्यात शेजाऱ्यांनी ओढलं. ती खोडामागेच थांबली. शेजारीही थांबले. मी मनात आकडे मोजत होतो. वीस. तीस. त्यांच्या श्वासाची वाफ बारीक येत होती. चाळीस. मला दिसत होता त्यांचा डावा अंगठा, पकडीवर सैल, जराही दाबलेला नाही. जुन्या रिकर्व्हने एवढा वेळ धरता आलं नसतं, मादी निघून गेली असती, गोष्ट संपली असती. सत्तेचाळीसला ती दोन पावलं पुढे आली, अंग आडवं झालं, पुढचा पाय पुढे गेला.

अठरा यार्ड. दोरीचा आवाज तिच्यापर्यंत बाणाच्या आधी पोचतो, सेकंदाचा सहावा भाग आधी. तेवढ्यात हरीण दचकून खाली बसू शकतं, म्हणून शिकारी जरा खालीच धरतात. ती बसली नाही. एक उडी, मग पळ, मग पानांचा आवाज, मग काही नाही.

"आता अर्धा तास," शेजारी कुजबुजले आणि थर्मासमधली कॉफी ओतली. लगेच गेलं तर घायाळ जनावर उठून पळतं. त्यांचा हात आता थरथरत होता. ओढताना नव्हता.

बाण जमिनीत रुतलेला मिळाला, पिसांवर गुलाबी फेस. फुप्फुस, ते म्हणाले, चांगलं आहे. मग माग. मेपलची पानं आधीच लाल, त्यावर लाल ठिपके. कळेना कुठलं रक्त आणि कुठलं पान. दर ठिपक्यापाशी ते टॉयलेट पेपरचा तुकडा ठेवत गेले, म्हणजे मागे वळून पाहिलं की दिशा कळते. सत्तर पावलांवर ती होती. त्यांनी लांब काटकीने तिच्या डोळ्याला स्पर्श केला. पापणी हलली नाही. मग गुडघ्यावर बसले आणि बाह्या वर केल्या.

मी विजेरी धरायला गेलो होतो, तर दिवस उजाडलेला. मग पाय धरले. ऊन होते.

घरी येऊन त्यांनी फोनवर नोंद केली. बहात्तर तासांच्या आत करावी लागते.

०००

मांस त्यांनी आणून दिलं, मांडीचं, दोन किलोच्या आसपास. चरबी नावाला नाही, जी होती ती हिने काढून टाकली, कारण वास तिचाच असतो. कांदा-लसूण मसाला घालून सुकं केलं, वर आल्याचा मारा. मटणापेक्षा काळपट, तंतू बारीक. भाकरी घरचीच. मुलाने दोनदा मागून घेऊन खाल्लं.

"चव आहे," ही म्हणाली. "ते आणून देतात तोवर देऊ देत की."

०००

नोव्हेंबर. पुन्हा तेच दुकान, त्याच बाई. या वेळी भिंतीकडे न बघता मी आकडे सांगितले. आसांमधलं अंतर ३६, ब्रेस हाइट सात, लिंबं ४० ते ५०, ओढ सत्तावीस. "साडेसव्वीस बघू," त्या म्हणाल्या, आणि साडेसव्वीसच बरोबर निघालं. हाडंही थोडं जास्त सांगतात. ४४ वर लावून घेतलं. अंगठ्याची रिलीज. बाण आता ५०० चे, जुने ४०० चे डझनभर गॅरेजमध्ये.

मग चार फूट अंतरावर ताणलेल्या कागदातून बाण मारून घेतला. भोक स्वच्छ गोल हवं. माझं डावीकडे फाटलं. त्यांनी बाण टेकतो तो रेस्ट षटकोनी किल्लीने केसभर सरकवला, पुन्हा मारायला लावला. पाचव्या कागदाला गोल भोक आणि त्याभोवती तीन पिसांच्या तीन चिरा. तो कागद मी घडी करून वहीत ठेवलाय.

"लांब आहे, शिडीवर अडेल," बाई म्हणाल्या. "ऑक्टोबरात न्यायचंय का?"

मी म्हणालो, "बोल्ट अडीच-तीन फेरे आवळले की पन्नास होतील ना?"

"होतील," त्या म्हणाल्या, आणि बिल करायला लागल्या.

०००

जानेवारी. बाहेर उणे बारा, म्हणून दुकानामागच्या बंदिस्त रेंजवर. वीस यार्ड. इथल्या कागदावर तीन टिकल्या छापलेल्या असतात, प्रत्येकीवर एकच बाण मारायचा असतो. मला वाटायचं मोजायला सोपं जावं म्हणून. आज वरच्या टिकलीत पहिला बाण इतका मधोमध बसला की मोह झाला आणि दुसराही तिथेच मारला. टक् असा वेगळाच आवाज आला. जाऊन पाहिलं तर दुसरा बाण पहिल्याच्या शेपटीतून आत शिरलेला, चार बोटं खोल, पहिल्याचा नळा उभा फुटलेला. इथे याला रॉबिन हूड म्हणतात. शेजारच्या लेनवरच्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही बाण बाद. पंधरा-पंधरा डॉलरचे.

ओढून वेगळे करता येईनात, तसेच घरी आणले. भाचीला फोटो पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं.

"मामा, अंतर किती?"

खरं ते लिहिलं. वीस यार्ड.

त्यावर तिने हसणारं एक पिवळं तोंड पाठवलं आणि सरावाला गेली.